मधल्या खुर्चीत

४ फेब्रुवारी

नाही पण दादा, मी म्हणत होते ते वेगळंच होतं. तू ‘लिफ्टमध्ये लोक अडकलेत, ठेवतो’ म्हणालास आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं. वर्षातून दोन फोन, चार-चार मिनिटांचे, आणि नेमके तेव्हाच लोक तुझ्या लिफ्टमध्ये अडकतात! म्हणून उरलेलं लिहून पाठवते. पत्राची सुरुवात कशी करतात ते मला येत नाही. आईला विचारलं असतं, पण मग ‘कोणाला लिहितेस?’ हेही आलंच. शुद्धलेखनाला हसायचं नाही. अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा निम्मा दोष तुझा.

तर बातमी अशी की मला काम लागलं! म्हणजे अर्धं शिकणं, अर्धं काम. तरुण मुलांचं समुपदेशन केंद्र आहे. आई लोकांना सांगते, ‘ती ऑफिसात आहे.’ ऑफिस म्हणजे एका ड्रायक्लीनरच्या वरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर गरम वाफेचा वास येतो, म्हणून येणाऱ्या पोरांना वाटतं आम्ही भलतेच स्वच्छ आहोत. एका खोलीत फोन आणि फाइली. दुसरीत तीन खुर्च्या, टिश्यूचा डबा, आणि घड्याळ अशा जागी लावलंय की ते फक्त आम्हाला दिसतं, समोरच्याला नाही.

येणारी मुलं बहुतेक आपल्यासारखीच. घरात एक भाषा, बाहेर एक. घरात एक पोरगी, दाराबाहेर दुसरीच. माझ्या सीनिअर बाई म्हणतात, अशा मुलांशी बोलताना त्यांचं घरही समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण त्यांना फक्त घर तोडायला शिकवतो. हे मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्यात. हसतोयस ना? हस.

आणि माझी पहिलीच केस आपल्या भाषेची! नाव लिहिणार नाही, नियम आहे. सोळा वर्षांची, डोक्यावर कायम जॅकेटची टोपी, म्हणून मनातल्या मनात मी तिला टोपीच म्हणते. शाळेने पाठवलंय. महिनाभर ती शाळेत गेलीच नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायची आणि एकाच बसमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून राहायची. घरात आपली भाषा बोलणं तिने बंद केलंय. आई काहीही विचारो, ही इथल्या भाषेत ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’. वडील माल पोचवायची गाडी चालवतात, आई कारखान्यात पडदे शिवते. दोघांना इथली भाषा दुकानापुरती येते. त्यांनी ठरवलंय, पोरीला तिकडे, मायदेशी, तिच्या काकांकडे पाठवायचं. ‘एका वर्षात सरळ होईल.’ अठ्ठावीस मार्चचं तिकीटसुद्धा काढून झालंय.

पहिल्या दिवशी सीनिअर बाई म्हणाल्या, आपण दुभाष्या बोलावू. मी ते तिच्या आईला, म्हणजे काकूंना, सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच.

"दुभाष्या नको गं बाई! आपली इथे मोजून पन्नास घरं. सकाळी या खोलीत बोललेलं संध्याकाळी सगळ्यांच्या तोंडी. तू आहेस ना? तू आपली आहेस. तूच मध्ये बस आणि सांग." मग लेकीकडे वळून, "ताई म्हण हिला."

टोपीने जॅकेटची टोपी आणखी पुढे ओढली. पण मी मनात नाचले रे! जन्मभर शेंडेफळ, आणि आता कोणाची तरी ताई.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणारच.

तुझी,
टकळी


२० फेब्रुवारी

उत्तर नाही. ठीक आहे. पाकीट परत आलं नाही, म्हणजे पोचलं, असं मी धरते.

टोपी बोलायला लागली! आईला बाहेर बसवून आम्ही दोघीच बोलतो, इथल्या भाषेत. तिला जाम विनोद येतात. मी म्हटलं, "तुझी आई म्हणते, तुला आपली भाषा सगळी समजते, फक्त बोलत नाहीस."

"कुत्र्याबद्दल पण लोक हेच म्हणतात," ती म्हणाली.

मग तिने एक गोष्ट सांगितली, ती मला अजून सोडत नाहीये. ती म्हणाली, "आमची घरातली भाषा म्हणजे जेवलीस का, दिवा बंद कर, मोजे कुठे टाकलेस, लोक काय म्हणतील. ह्यात मी कुठे बसू? मला काहीतरी होतंय म्हटलं की आई कपाळाला हात लावून ताप बघते."

हे खरं आहे का बघावं म्हणून मी घरी जाऊन प्रयोग केला. आईला म्हटलं, "आई, मला आज फार एकटं वाटतंय." आई भाजी निवडत होती. म्हणाली, "मग बाहेरच्या खोलीतला दिवा लाव की."

मी हसून हसून लोळले. नंतर बाथरूममध्ये जाऊन बसले थोडा वेळ.

सीनिअर बाई मात्र मला सारख्या टोचतात. त्या स्वतः तिसऱ्याच देशातून आल्यात, त्यामुळे त्यांना सगळं आधीच कळलेलं असतं. म्हणाल्या, "ताई झालीस की तू त्या घरातली झालीस. मग घरातले नियम तुलाही लागू होतात. जपून." मी ‘हो हो’ म्हटलं. खरं सांगू? मला वाटलं, बाईंना हेवा वाटतोय. त्यांना कुठे कोण ताई म्हणतं?

तुझा फोन आल्याचं घरी सांगितलं होतं. बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "अभ्यासाला घाबरून पळाला, आता लिफ्टा दुरुस्त करतो." नेहमीचंच. मी नेहमीसारखी गप्प बसले. त्याबद्दल मला तुला लिहायचंय. आज नको.

टकळी


८ मार्च

दादा, माझ्या हातून वाईट झालंय. सरळ सांगते, नाहीतर मी ते सजवीन.

परवा टोपी म्हणाली, आईला आत बोलवा, मला तिला एक सांगायचंय. काकू आल्या. मांडीवर पर्स, त्यावर दोन्ही हात, बोटांवर सुई टोचल्याच्या बारीक बारीक खुणा. मी मधल्या खुर्चीत. टोपी आईकडे बघत होती, पण बोलली माझ्याशी, इथल्या भाषेत:

"हिला सांग. मला काकांकडे पाठवायचं तर पाठवा, मी भांडणार नाही. तसंही मी घरात नाहीच आहे. जेवायला येऊन बसते ती दुसरीच कोणीतरी आहे, तिला मी पाठवते. उद्या मी नसलेच, तर आईला कळेल का? हे विचार. शब्दाला शब्द."

काकू म्हणाल्या, "काय म्हणते?"

आणि माझ्या तोंडून आलं, "काकू, तिला तिकडे जायची जरा भीती वाटतेय. तुमची खूप आठवण येईल म्हणते."

इतकं सहज आलं दादा, की बोलून झाल्यावर मला कळलं, हे ती म्हणालीच नाहीये.

काकूंचा चेहरा असा उजळला! "वेडी गं माझी पोर! मला वाटलं हिला माझं काही पडलेलंच नाही." रडल्या, हसल्या, माझा हात दाबला. टोपीला सगळं समजलं होतं, समजणारच. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग आपल्या भाषेत, अगदी स्वच्छ, म्हणाली, "आभारी आहे, ताई." आणि जिना उतरून गेली. तेव्हापासून माझा फोन घेत नाही.

ती नजर मी आधी पाहिलीय. तुझी.

तुला आठवतं का विचारणं म्हणजे मूर्खपणा आहे. तुझ्या शाळेतली ती खोली, भिंतीवर दात घासायचं पोस्टर. तू सतरा वर्षांचा. शाळेच्या समुपदेशकांनी आईबाबांना बोलावलं होतं आणि दुभाष्या आणतो म्हणाले होते. बाबा म्हणाले, "परक्यासमोर घरचं? आमची धाकटी आहे की. पटापट बोलते." मी अकरा वर्षांची, नवे सँडल घालून आले होते. इतकी मोठी झाल्यासारखं वाटत होतं!

तू इथल्या भाषेत म्हणालास, "ह्यांच्यासमोर मी जो मुलगा असतो, तो मी नाही. तो संपला तरी मला वाईट वाटणार नाही."

मला प्रत्येक शब्द कळला होता. मी आईकडे बघितलं. आणि म्हणाले, "दादाला अभ्यास जड जातोय."

त्यावर बाबा म्हणाले, "चार लोकांत मान खाली घालायला लावली ह्याने." मी समुपदेशकांना सांगितलं, बाबा म्हणतात त्यांना काळजी वाटते. दोन्हीकडून गोड. समुपदेशक खूश, बाबा खूश, आईने सुटकेचा श्वास टाकला. फक्त तू माझ्याकडे बघत होतास. तू खोलीतला एकटा, ज्याला दोन्ही भाषा येत होत्या. तू तोंड उघडलंस, आणि मला वाटलं, आता मेले. तू म्हणालास, "हो. गणित."

दुसऱ्या दिवशी बाबांनी तुला गणिताची शिकवणी लावली. गणितात वर्गात पहिला येणाऱ्या मुलाला! मंगळवार आणि शुक्रवार, तीन महिने, वही घेऊन तू मुकाट जात होतास. आणि चौथ्या महिन्यात गेलास, तो गेलासच.

तू तेव्हा ‘ही खोटं बोलतेय’ म्हणाला असतास, तर बाबांनी मला तिथेच थोबाडीत मारली असती. बारा वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू गप्प बसलास कारण तुला काही फरक पडत नव्हता. परवापासून मला तसं सांगता येत नाहीये.

उत्तर नको देऊस वाटलं तर. पण वाच.


१५ मार्च

तुझं पत्र आलं!! चार ओळी, पण आलं. पोस्टमनसमोर मी उडी मारली, तो दचकला.

‘टकळे, तू अकरा वर्षांची होतीस. ती खुर्ची तुझी नव्हती. पण आता तू मोठी आहेस आणि ती पोरगी लिफ्टमध्ये आहे. आधी तिला बाहेर काढ, मग माझ्याकडे बघू.’

तर ऐक. तुझं पत्र यायच्या आधीच, नऊ तारखेला सकाळी मी सीनिअर बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, दुभाष्याच्या कामात चुकले म्हणून ओरडतील. त्यांनी फक्त एकच विचारलं. "‘मी नसलेच तर’ हे वाक्य तू तीन दिवस स्वतःजवळ ठेवलंस?"

दादा, मी इतकी माझ्या चुकीत बुडले होते की त्या वाक्याचा अर्थ काय असू शकतो हे मी विसरलेच होते. बाईंनी त्याच मिनिटाला तिला फोन लावला. त्यांचा फोन तिने घेतला. बाईंनी आडवळण न घेता विचारलं, "मरायचा विचार येतो का?" असं सरळ विचारतात. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नव्याने काही घुसत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत, पण विचारायची वेळ आली तेव्हा मी काकूंना खूश करत होते.

टोपी म्हणाली, "मरायचं नाहीये. घरातली एक आणि बाहेरची एक, दोघींना सांभाळायचा कंटाळा आलाय." बाई तासभर तिच्याशी बोलल्या. वाईट वाटलं तर कोणाला, कोणत्या नंबरवर फोन करायचा, सगळं ठरवलं. मग फोन माझ्याकडे दिला.

मी म्हटलं, "तुझं वाक्य पोचलं नाही. मी ते बदललं."

"माहितेय. मी तिथेच होते."

"मला माफ कर."

"माफ-बिफ नंतर. आधी पोचवून दाखवा."

बाईंनी फोनवरचा दुभाष्या शोधला. आपल्याच भाषेचा, पण पार दुसऱ्या शहरातला. इथल्या पन्नास घरांपैकी कोणालाच ओळखत नाही. परवा काकू आल्या तेव्हा आधी त्यांनी त्या फोनलाच विचारलं, "आमचं आडनाव तुम्हाला कळणार नाही ना?"

फोनमधून पोक्त, संथ आवाज आला. "नाही ताई. माझंही तुम्ही विचारू नका."

मी भिंतीपाशी स्टूलवर बसले. मधल्या खुर्चीत फोन ठेवला होता. टोपीने तेच सगळं पुन्हा म्हटलं, एक शब्द कमी-जास्त नाही. ते गृहस्थ थोडे थांबले आणि त्याच संथ आवाजात म्हणाले, "मी घरात नाहीच आहे. जेवायला येऊन बसते ती दुसरीच कोणीतरी आहे, तिला मी पाठवते. उद्या मी नसलेच, तर आई, तुला कळेल का?"

आपल्या भाषेत ते वाक्य बसलं, दादा. मला इतकी वर्षं वाटत होतं की ते बसणारच नाही.

काकू रडल्या नाहीत. आधी माझ्याकडे वळल्या. "मग तू मला त्या दिवशी काय सांगितलंस?"

मी खरं ते सांगितलं.

"मी आठवडाभर कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरले, माझ्या लेकीला माझी आठवण येणार म्हणून. एकेकीला थांबवून सांगितलं." त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "मला कोणी खरं सांगावं एवढीसुद्धा माझी लायकी नाही का गं?"

फोनमधले गृहस्थ हेही सीनिअर बाईंना जसंच्या तसं सांगून मोकळे झाले.

मग काकूंनी खुर्ची लेकीकडे वळवली. "कधीपासून?"

टोपी आपल्या भाषेत, अडखळत म्हणाली, "पाचवीपासून."

"पाचवीत तर मी रात्रपाळीला लागले."

"हो."

एवढंच. जाताना काकू म्हणाल्या, हिच्या वडिलांनाही हे ऐकावं लागेल. "पण मी नाही सांगणार. माझ्याकडूनही गोड होऊन जाईल. त्या फोनवाल्या भाऊंनाच सांगायला सांगा."

टकळी


२६ मार्च

सोमवारी टोपीचे वडील आले, कामाच्या कपड्यांतच, गाडी खाली चुकीच्या जागी लावून. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आईबापाला असं विचारतात का? ह्यासाठी मी राबतो?" तेही त्या संथ आवाजात शब्दाला शब्द सांगितलं गेलं. मी स्टूलवर बसून मुठी आवळत होते. माझ्या जिभेवर त्यांच्यासाठी तीन गोड वाक्यं तयार होती! एकही बोलले नाही.

बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही तिच्याएवढे असताना तुमच्या वडिलांना काही विचारलं होतंत?" ते म्हणाले, "हिंमत होती कोणाची?" मग गाडीला पावती लागेल म्हणून उठले. दारातून लेकीला म्हणाले, "चल, सोडतो." ती गेली त्यांच्याबरोबर.

तिकीट रद्द नाही झालेलं. जूनपर्यंत पुढे ढकललंय. तोवर ती दर गुरुवारी येणार. शाळेत आठवड्यातून तीन दिवस जाते. घरात बोलत नाही फारसं, पण काकू म्हणाल्या, परवा ती जेवताना म्हणाली, ‘आज मीच आलेय.’ काकूंना हसावं की रडावं कळेना.

आणि तिने बाईंना सांगितलंय, मला दुसरं कोणीतरी द्या. मी नको. बाईंनी ते मला समजावून सांगायला सुरुवात केली, तर मी म्हटलं, नको, जसं म्हणाली तसंच सांगा. त्यांनी सांगितलं. ‘ती चांगली आहे, पण तिला सगळ्यांनी चांगलं म्हणावं असं वाटतं.’ गुरुवारी ती आली की मी फाइलींच्या खोलीत बसते. भिंत पातळ आहे. हसलेलं ऐकू येतं, शब्द येत नाहीत. ठीक आहे. म्हणजे नाहीये ठीक, पण ते माझं मी बघेन.

आता आपलं. अजून एक कबूल करायचंय. तू फोनवर आईबद्दल कधीच विचारत नाहीस. एकदाही नाही. आणि मी दर वेळी तिला सांगते, ‘तुझी चौकशी करत होता.’ बारा वर्षं. म्हणजे ती ज्या मुलाची वाट बघते, तो थोडा मीच तयार केलेला आहे.

हे लिहायचं कारण असं. काल आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला टोपीबद्दल काही सांगितलेलं नाही, तिला यातलं काही माहीत नाही. एकदम म्हणाली, "आपण त्याला शिकवणी वर्षभर आधी लावली असती, तर राहिला असता का गं तो?"

माझ्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. बारा वर्षं ती हेच धरून बसलीय, दादा. की आपल्याला उशीर झाला. की गणित. बाबा तुला पळपुटा म्हणतात, आणि आई मनातल्या मनात मास्तर बदलून बघते.

तू त्या दिवशी जे म्हणालास ते मला अजून पाठ आहे. ते तिला सांगितलं तर तिला कळेल की तू गणिताला घाबरला नव्हतास, तिच्या घरातून निघून गेलास. ती कोसळेल कदाचित. किंवा काकूंसारखी मलाच विचारेल, ‘मला खरं सांगावं एवढी माझी लायकी नव्हती का?’ नाही सांगितलं तर ती मरेपर्यंत शिकवणीलाच दोष देईल, आणि तुझ्याबद्दल तिला एकही खरी गोष्ट माहीत नसेल. बाबांचं तर मला काहीच सांगता येत नाही. ते ऐकून उठून जातील, किंवा पहिल्यांदाच काही विचारतील.

पण ते वाक्य तुझं आहे. मी एकदा न विचारता त्याला हात लावलाय, पुन्हा नाही लावणार. तू येऊन सांगशील, फोनवर सांगशील, त्या संथ आवाजाच्या गृहस्थांना सांगायला लावू, की मी सांगू? की इतक्या वर्षांनी म्हाताऱ्या माणसांना खरं सांगणं हाही माझाच हट्ट आहे, स्वतःला हलकं वाटावं म्हणून? मला खरंच ठरवता येत नाहीये. तुला काय वाटतं, दादा?